देखणेपणाची ठेव

जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. इशायाच्या मुलांतून इस्राएलचा भावी राजा निवडण्यासाठी शमुवेल संदेष्टा बेथलेहेमला येतो. थोरला अलीयाब उंचापुरा आणि भारदस्त आहे. त्याला पाहताच संदेष्ट्याच्या मनात येते की, हाच तो. परमेश्वर त्याला तेथेच थांबवतो आणि माणसाची नजर रूपावर ठरते, आपली मात्र हृदयावर, याची जाणीव करून देतो. हा भाग आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकला आहे. त्यापुढील चार-पाच ओळींकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. मेंढरांमागून बोलावून आणलेला धाकटा दावीद समोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या सुंदर डोळ्यांचा आणि देखणेपणाचा पवित्र शास्त्र आवर्जून उल्लेख करते. रूपाला भुलू नये असे बजावणाऱ्या अध्यायातच निवडला गेलेला मुलगा रूपवान निघावा, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. रूप ही पात्रता नव्हे, हे खरे. पण रूप ही अपात्रताही नव्हे, हे तितकेच खरे.

हॉलिवुडच्या वैभवकाळातील, म्हणजे स्थूलमानाने १९३० ते १९६० या तीन दशकांतील, नायकांविषयी बोलणे निघाले की मला हा अध्याय आठवतो. या नटांविषयी दोन ठरीव निवाडे आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक असा की, अमुक नट दिसायला राजबिंडा खरा, पण अभिनयाच्या नावाने शून्य. दुसरा याच्या उलट : अमुक नटाला रूप नाही, म्हणजे तो खरा नट. पहिल्या निवाड्यात रूप हा दोष ठरतो आणि दुसऱ्यात रूपाचा अभाव हा गुण. दोन्ही निवाडे देणारा प्रेक्षक आपण रूपाच्या पलीकडे पाहतो असे समजतो. वास्तविक तो रूपाखेरीज दुसरे काही पाहतच नसतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांत देखणेपणाला जागा नाही. वेशभूषा आणि रंगभूषा आहार्यात मोडतात, परंतु जन्मतः लाभलेला चेहरा कशातच मोडत नाही. रंगभूमीवर हे ठीक होते. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाच्या पापण्या दिसत नसत. चित्रपट आला आणि कॅमेरा नटाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. तो चेहरा दहा-पंधरा हात उंचीच्या पडद्यावर पसरला. आता भुवईची किंचित हालचालही संवादाइतकी बोलकी झाली आणि रंगभूमीवरचा ठसठशीत हावभाव येथे ओरडल्यासारखा वाटू लागला. चेहरा हे केवळ वेष्टन राहिले नाही, ते वाद्य झाले. वाद्य सुबक असले म्हणजे ते सुरेल वाजतेच असे नाही. मात्र सुबक आहे म्हणून ते बेसूर ठरवणे हाही अन्यायच होय.

कारखाना आणि करार

हा अन्याय का घडला, हे समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था थोडी पाहावी लागेल. मेट्रो-गोल्डविन-मेयर, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, पॅरामाउंट, वॉर्नर यांसारख्या कंपन्या नटांना बहुधा सात वर्षांच्या कराराने बांधून घेत. कोणती भूमिका करायची, हे नट नव्हे तर कंपनी ठरवी. नकार दिला तर वेतन थांबे. एखाद्याचा चेहरा तलवारबाजीच्या चित्रपटात चालला की त्याच्या हातातून तलवार सुटतच नसे. प्रकाशयोजना, छायालेखन, प्रसिद्धीची छायाचित्रे हे सारे त्या चेहऱ्याचे मोल टिकवण्यासाठी राबत असे. थोडक्यात, देखणा नट हा कारखान्याचा ठरलेला माल होता आणि ठरलेल्या मालात बदल करणे कोणत्याही कारखानदाराला परवडत नाही.

टायरोन पॉवर हे याचे ठळक उदाहरण. सिनसिनाटीत १९१४ साली जन्मलेला, कॅथलिक वातावरणात वाढलेला हा तरुण नटाच्याच घराण्यातला होता. त्याचे वडील रंगभूमीवरील नामांकित नट होते. ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९४०) या चित्रपटाने तो घरोघर पोहोचला. युद्धसेवेवरून परतल्यावर त्याने हट्ट धरून ‘नाइटमेअर अ‍ॅली’ (१९४७) हा चित्रपट करून घेतला. त्यात तो जत्रेतला एक भोंदू आहे. मने वाचण्याचे सोंग करणारा, पुढे श्रीमंतांच्या मृत आप्तांचे खोटे दर्शन घडवून त्यांच्या शोकावर धंदा करणारा आणि अखेरीस दारूच्या आहारी जाऊन जत्रेतील सर्वांत हीन पायरीवर कोसळणारा. येथे पॉवरचे देखणेपण शोभेसाठी नाही. ते आमिष आहे. ज्या हास्यावर आपण ‘झोरो’त भाळलो, त्याच हास्यावर चित्रपटातील भाबडी माणसे भाळतात, आणि फसवले जाणाऱ्यांत आपणही आहोत हे प्रेक्षकाच्या उशिरा ध्यानात येते. हा चित्रपट त्या वेळी चालला नाही. फॉक्स कंपनीने पॉवरला पुन्हा ऐतिहासिक साहसपटांत धाडले. तो अधूनमधून रंगभूमीकडे वळत राहिला. ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ (१९५७) मध्ये त्याने आपल्या रूपाचा पुन्हा एकदा असाच फसवा उपयोग करून दाखवला. पुढच्याच वर्षी, माद्रिदमध्ये एका चित्रपटातील तलवारयुद्धाचे चित्रीकरण चालू असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. हातातली तलवार शेवटपर्यंत सुटली नाही. पॉवरजवळ अभिनय नव्हता असे म्हणणाऱ्याने ‘नाइटमेअर अ‍ॅली’ पाहावा. अभिनय होता, तो मागणारे कोणी नव्हते.

एका चौकटीत दोन चेहरे

रूप आणि अभिनय यांची तुलना करण्याची आयती संधी ‘सॅन फ्रान्सिस्को’ (१९३६) या चित्रपटाने दिली. १९०६ च्या भूकंपाच्या पार्श्वभूमीवरील या कथेत क्लार्क गेबल हा ब्लॅकी नॉर्टन नावाचा नास्तिक, रंगेल जुगारगृहमालक आहे; स्पेन्सर ट्रेसी हा त्याचा बालमित्र, आता धर्मगुरू झालेला फादर टिम मलिन. चित्रपटाच्या सुरुवातीला दोघे मुष्टियुद्धाचा सराव करतात आणि फादर टिम ब्लॅकीला सहज लोळवतात. पुढे एका तरुण गायिकेला ब्लॅकीच्या रंगमंचावर जाऊ देण्यास फादर नकार देतात, तेव्हा ब्लॅकी संतापून त्यांच्या तोंडावर ठोसा मारतो.

ट्रेसी येथे काय करतो? काहीच करत नाही. तो उभा राहतो. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक धार येते. हा माणूस मनात आणले तर समोरच्याला आडवा करू शकतो, हे आपण आधीच पाहिलेले असल्यामुळे त्या न उचललेल्या हाताला वजन येते. क्षमा ही दुबळ्याची अगतिकता नसून बलवानाचा निर्णय असतो, हे एकही वाक्य न बोलता सांगितले जाते. ट्रेसीचा चेहरा रुंद, साधा, रस्त्यावर भेटणाऱ्या कोणाही माणसासारखा. या भूमिकेने त्याला ऑस्करचे पहिले नामांकन मिळवून दिले. पुढे ‘कॅप्टन्स करेजस’ (१९३७) आणि ‘बॉइज टाउन’ (१९३८) या चित्रपटांसाठी सलग दोन वर्षे त्याला पुरस्कार मिळाला. ‘बॉइज टाउन’मध्ये त्याने अनाथ मुलांसाठी वसाहत उभारणाऱ्या फादर एडवर्ड फ्लॅनगन यांची भूमिका केली होती आणि ते मानचिन्ह त्याने फादरांकडेच पाठवून दिले.

येथवर ‘रूप नाही म्हणून खरा नट’ या मताच्या लोकांना आनंद होईल. पण त्यांनी त्याच प्रसंगातील गेबलकडेही पाहावे. ठोसा मारल्यानंतर त्या देखण्या, उर्मट चेहऱ्यावर जी क्षणभर ओशाळलेली छटा येते, तिच्याविना ट्रेसीचे मौन अर्धेच राहिले असते. घाव झेलणारा चेहरा जितका महत्त्वाचा, तितकाच घाव घालणाराही. गेबलला अभिनय येत नसता, तर ट्रेसी महान ठरला नसता.

सभ्यतेचे रूप

ग्रेगरी पेकचे नाव आपल्याकडे फार परिचित. देव आनंदची तुलना त्याच्याशी होत असे, त्यामुळे ज्यांनी त्याचा एकही चित्रपट पाहिला नव्हता त्यांनाही तो ठाऊक होता. १९४४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, आपल्या दुसऱ्याच चित्रपटात त्याने फादर फ्रान्सिस चिझम यांची भूमिका केली. ए. जे. क्रोनिनच्या कादंबरीवरील हा चित्रपट म्हणजे ‘द कीज ऑफ द किंगडम’. गंमत अशी की, त्या वर्षीच्या उत्कृष्ट नटाच्या पाच नामांकनांपैकी दोन नामांकने धर्मगुरूंच्या भूमिकांना होती. ‘गोइंग माय वे’मधील बिंग क्रॉस्बी आणि बॅरी फिट्‌झजेरल्ड. पुरस्कार क्रॉस्बीला मिळाला.

पेकने या भूमिकेत तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास करायचा होता. चीनमधील ओसाड मिशन, तुटपुंजी साधने, मानी स्वभावाच्या सिस्टर सुपिरियरची उपेक्षा आणि दुसरीकडे बिशपपदापर्यंत चढत गेलेला सहाध्यायी. हा नायक व्यवहाराच्या मापाने अपयशी आहे. अपयशी माणसाची भूमिका इतक्या देखण्या नटाला द्यावी का, असा प्रश्न तेव्हाही पडला असेल. मला तर त्यातच या भूमिकेचे मर्म दिसते. पेकच्या उंच, सुडौल देहाला नेमके कोठे उभे राहावे हे कळत नाहीसे वाटते, आणि हा अवघडलेपणाच फादर चिझम यांची नम्रता होऊन जातो. मात्र म्हातारपणाच्या दृश्यांत रंगभूषा पुढे येते आणि नट मागे राहतो, हेही नमूद केले पाहिजे.

पेकला मर्यादा होत्या. ‘मोबी डिक’ (१९५६) मध्ये कॅप्टन एहॅबचा सूडाने पेटलेला उन्माद त्याच्या चेहऱ्यावर बसत नाही. तो वेड्या माणसाची भूमिका करणारा शहाणा माणूस दिसतो. पण ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६२) मध्ये त्याच शहाणपणाचे सोने झाले. अ‍ॅटिकस फिंच हा विधुर वकील एका निरपराध कृष्णवर्णीयाचा बचाव करतो. न्यायालयातील त्याचे भाषण सर्वांना आठवते. मला त्याहून दोन मूक प्रसंग मोलाचे वाटतात. एकात घरात अंथरुणावर पडलेली मुले आपल्या मृत आईविषयी बोलत आहेत आणि बाहेर ओसरीवर एकटा बसलेला बाप ते ऐकतो आहे. दुसऱ्यात फिर्यादी मुलीचा बाप त्याच्या तोंडावर थुंकतो. अ‍ॅटिकस एक पाऊल पुढे टाकतो, थबकतो, खिशातून रुमाल काढतो आणि चेहरा पुसतो. ‘सॅन फ्रान्सिस्को’तील फादर टिम येथे पुन्हा भेटतात. हा प्रसंग पेकच्या देखण्या चेहऱ्यावर घडतो म्हणून अधिक बोचतो, कारण त्या चेहऱ्याविषयी आपल्या मनात आधीच आदर साठलेला असतो. या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. २००३ साली तो वारला आणि लॉस एंजेलिस येथील अवर लेडी ऑफ द एंजल्स कॅथीड्रलमध्ये विसावला.

मौनाचा अभिनय

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. रूप आणि अभिनय या दोहोंचे दान ज्याच्या पदरात सारखेच पडले होते आणि नियतीने ज्याच्याकडून त्यांपैकी एक काढून घेतले, असा नट म्हणजे मॉन्टगोमेरी क्लिफ्ट.

१९२० साली ओमाहा येथे जन्मलेला क्लिफ्ट पोरवयातच न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आला. हॉलिवुडची बोलावणी त्याने बरीच वर्षे परतवली आणि गेला तेव्हाही दीर्घ मुदतीच्या करारात अडकण्यास तो नाखूश राहिला. ‘द एअरेस’ (१९४९) मध्ये तो एका श्रीमंत, साध्या रूपाच्या मुलीच्या प्रेमात पडलेला, किंवा प्रेमाचे नाटक करणारा, तरुण आहे. त्याचे प्रेम खरे की मुलीच्या संपत्तीवर डोळा, हे आपल्याला शेवटपर्यंत ठामपणे सांगता येत नाही. इतका सुंदर माणूस खोटा असेल का? की इतका सुंदर आहे म्हणूनच खोटा असेल? या दोन्ही शंका क्लिफ्ट एकाच नजरेत जिवंत ठेवतो. रूप आणि अभिनय यांत भेद करणाऱ्यांना येथे भेदाची रेघ ओढून दाखवता येणार नाही.

आपल्या वाचकांना मात्र त्याचा ‘आय कन्फेस’ (१९५३) अधिक जवळचा वाटेल. जेझुइटांच्या शाळेत शिकलेल्या आल्फ्रेड हिचकॉकने तो क्वेबेक शहरात चित्रित केला. चर्चचा सेवेकरी ऑटो केलर धर्मगुरूचा झगा घालून एका वकिलाचा खून करतो आणि त्याच रात्री फादर मायकल लोगन यांच्याजवळ पापनिवेदन करतो. पुढे संशय फादरांवरच येतो. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. आजच्या धर्मविधानातील ९८३ वे कलमही तेच सांगते. तेव्हा फादर स्वतःचा प्राण वाचवण्यासाठीदेखील एक शब्द उच्चारू शकत नाहीत.

नटाच्या दृष्टीने ही भूमिका म्हणजे कठोर परीक्षा. नायकाला सर्व ठाऊक आहे आणि त्याने काहीच दाखवायचे नाही. चेहऱ्यावर काही उमटले तर व्रत मोडते. काहीच उमटले नाही तर चित्रपट मरतो. न्याहारीच्या प्रसंगात केलरची पत्नी आल्मा धर्मगुरूंना वाढता वाढता फादर लोगन यांच्या चेहऱ्याकडे पुनःपुन्हा पाहते. हे बोलतील का? क्लिफ्ट तिच्याकडे पाहत नाही. पण ती पाहते आहे हे त्याला कळते आहे, एवढे मात्र आपल्याला कळते. पुढे फादर शहरातील रस्त्यांतून एकटे भटकतात, तेव्हा हिचकॉक क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचे शिल्प जवळून दाखवतो आणि त्याखाली दूरवर क्लिफ्टची लहानशी आकृती चालताना दिसते. एवढा देखणा चेहरा हाताशी असताना दिग्दर्शकाने तो या क्षणी दूर सारला, यात मोठा विवेक आहे.

या चित्रपटाविषयी स्वतः हिचकॉक फारसा समाधानी नव्हता. कॅथलिक नसलेल्या प्रेक्षकाला फादरांच्या मौनाचे कारणच पटत नाही, असे त्याला नंतर वाटले. हा आक्षेप मला पूर्णतः मान्य नाही. श्रद्धेचे कारण पटले नाही तरी तिची किंमत मोजणारा माणूस दिसू शकतो आणि तो दाखवण्याचे काम क्लिफ्टच्या डोळ्यांनी केले आहे.

उरले ते काय?

१२ मे १९५६ च्या रात्री, एलिझाबेथ टेलरच्या घरून परतताना क्लिफ्टची मोटार खांबावर आदळली. जबडा आणि नाक मोडले, चेहऱ्याची डावी बाजू काहीशी बधिर राहिली. त्या वेळी ‘रेनट्री काउंटी’ या चित्रपटाचे काम अर्ध्यावर होते. तो बरा होऊन परतला. त्यामुळे त्या एकाच चित्रपटात त्याचे दोन चेहरे दिसतात. वेदना, वेदनाशामके आणि मद्य यांच्या विळख्यात त्याची पुढची दहा वर्षे गेली. १९६६ साली, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्याचा अंत झाला.

या दहा वर्षांत त्याने ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग’ (१९६१) मध्ये एक लहानशी भूमिका केली. तिच्यासाठी त्याने मानधन घेतले नाही. नाझी राजवटीत सक्तीने नसबंदी केला गेलेला रूडॉल्फ पीटरसन नावाचा एक साधा कामगार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. बचावाचा वकील त्याला काही शब्द देऊन त्यांचे वाक्य बनवण्यास सांगतो. हा माणूस मंदबुद्धी आहे, हे त्याला सिद्ध करायचे आहे. पीटरसन अडखळतो. मग खिशातून आईचे छायाचित्र काढतो आणि तीही तशी होती का, हे तुम्हीच सांगा, अशा अर्थाची आर्जवे करतो. ओठ थरथरतात, डोळे आधार शोधत भिरभिरतात. जो चेहरा एकेकाळी भिंतींवर चिकटवला जाई, तो आता भर न्यायालयात उघडा पडला आहे आणि क्लिफ्ट तो लपवत नाही.

न्यायासनावर कोण बसले आहे? स्पेन्सर ट्रेसी. आयुष्यभर साध्या चेहऱ्याने वावरलेला नट आणि सुंदर चेहरा गमावलेला नट एका दालनात समोरासमोर आहेत. क्लिफ्टला त्या वेळी संवाद लक्षात ठेवणे अवघड जात होते. दिग्दर्शक स्टॅन्ले क्रेमरने त्याला लिहिलेल्या शब्दांची सक्ती केली नाही. आणि ट्रेसी ऐकतो. त्याच्या ऐकण्यामुळे आपणही ऐकू लागतो. या प्रसंगात रूपाचा प्रश्नच शिल्लक राहत नाही. दोन माणसे उरतात. एक सांगणारा, एक ऐकणारा.

मग क्लिफ्टचा अभिनय अपघातानंतर अधिक खरा झाला, असे म्हणावे का? तसे म्हणण्याचा मोह होतो. दुःखाने कला उजळते हे वाक्य आपल्याला आवडते. पण ते निर्दय वाक्य आहे. ‘आय कन्फेस’मधील मौन आणि न्यूरेंबर्गमधील अडखळणे ही एकाच नटाची कामे आहेत. अपघाताने त्याला प्रतिभा दिली नाही. प्रतिभा रूपाच्या आधारावर उभी नव्हती, एवढेच अपघाताने आपल्याला दाखवले. आपण ते आधीच पाहायला हवे होते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला सर्वांना ठाऊक आहे. धनी परदेशी जाताना आपल्या दासांकडे द्रव्य सोपवतो. इंग्रजीत प्रतिभेसाठी रूढ झालेला ‘टॅलेंट’ हा शब्द मुळात त्या दाखल्यातील द्रव्याच्या मापाचे नाव. देखणेपण हीसुद्धा अशीच एक ठेव. ती मिळाली यात मिळवणाऱ्याचे कर्तृत्व नाही, म्हणून तिचे कौतुक फुकट आहे. आणि ती मिळाली यात त्याचा दोष नाही, म्हणून तिच्यावरून हेटाळणी करणेही गैर. धन्याने हिशेब मागितला तो ठेवीचे काय केले याचा. पॉवरची ठेव इतरांनी पुरून ठेवली. पेकने सावकाश, चुकतमाकत ती वाढवली. क्लिफ्टने ती हरवल्यावरही व्यापार थांबवला नाही.

हे सारे दूरदेशीच्या, आता हयात नसलेल्या नटांविषयी झाले. आपल्या धर्मग्रामांत उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाट्यप्रयोग होतात. ख्रिस्ताच्या भूमिकेसाठी बहुधा उंच, उजळ, नाकीडोळी नीटस तरुण शोधला जातो आणि यहूदासाठी कोणाचा चेहरा निवडला जातो, हे सांगायला नको. हॉलिवुडनेही वेगळे केले नाही. ‘किंग ऑफ किंग्ज’ (१९६१) मध्ये निळ्या डोळ्यांचा जेफ्री हंटर ख्रिस्त झाला आणि समीक्षकांनी त्याच्या देखणेपणाची टवाळी केली. त्याच्या अभिनयाविषयी फार थोडे लिहिले गेले. निवडणाऱ्यांनी चेहरा पाहिला, टवाळी करणाऱ्यांनीही चेहराच पाहिला. यशयाने ज्या दुःखी सेवकाचे चित्र रेखाटले, त्याला पाहून ओढ वाटावी असे रूप नव्हते, आणि त्याच यशयात थुंकणाऱ्यांपासून तोंड न लपवणारा सेवकही आहे. पुढच्या उपवासकाळात भूमिका वाटताना आपल्या संचालकांनी आरशासारखे चेहरे न्याहाळण्याऐवजी प्रत्येक मुलाला एक ओळ वाचायला द्यावी, आणि दुसरा वाचत असताना कोण मन लावून ऐकतो तेही पाहावे. ख्रिस्त कदाचित मागच्या बाकावर सापडेल. कदाचित तो गावातला सर्वांत देखणा मुलगाही असेल. दोन्ही शक्यता आपण खुल्या ठेवायला हव्यात.